दोरीवरचा चष्मा

"कोण आहे?"

भिलाईच्या रिसाली भागातल्या आमच्या गल्लीतून सकाळी जो जाईल त्याला हा प्रश्न यायचाच. विचारणारे काकाजी पायरीवर बसलेले असायचे, डोळे बारीक करून, हनुवटी वर उचलून. त्यांच्या डोक्यावरच्या दोरीवर एक टॉवेल, एक बनियान आणि त्या दोघांच्या मधोमध, चिमट्याला लटकवलेला, त्यांचा चष्मा. चष्म्यातून पाणी ठिबकत असायचं. तो वाळेपर्यंत काकाजींसाठी सगळी गल्ली म्हणजे नुसते रंगांचे ठिपके.

तेवढ्या वेळात त्यांनी दूधवाल्याला "नमस्ते साहेब" म्हटलेलं मी ऐकलंय. दारात येऊन उभ्या राहिलेल्या गाईला "या ना, आत या" म्हटलेलंही ऐकलंय. मी गोष्ट सांगताना थोडं वाढवते अशी माझी ख्याती आहे. "मम्मी, फिर से बढ़ा दिया," असं माझी मुलगी भर पाहुण्यांत म्हणते. पण गाईचं खरं आहे. गाय आत गेली होती.

मला ते कपड्याच्या रंगावरून ओळखायचे. मी नवा ड्रेस घातला की ओळख नव्यानं करून द्यावी लागे.

"मी आहे काकाजी, शेजारची."

"मास्तरीण का? आज हिरवी कावून झाली?"

"काकाजी, पुसून टाका ना तो चष्मा. टॉवेल शेजारीच तर आहे."

यावर ते लहान मुलाला समजवावं तसं हात हलवत म्हणायचे, "पुसाचा नाही, मास्तरीण. सुकू द्याचा."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं की आता साबणाची वडी हातात घेतली तरी कानात तेच वाजतं. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. एकच वाक्य घेऊन बसलेला, आणि आपण हसत हसत त्याच्यासमोरून ये-जा करतो.

काकाजी मूळचे गोंदियाकडचे. घरची धानाची शेती भावांकडे सोडून तरुणपणीच भिलाईत आले आणि स्टील प्लांटमध्ये लागले. तिथे त्यांचं काम होतं क्रेनला हात दाखवायचं. तुम्ही प्लांट आतून पाहिला नसेल तर सांगते. वर, पार छताजवळ, क्रेनच्या केबिनमध्ये एक माणूस बसलेला असतो आणि खाली जमिनीवर दुसरा उभा असतो. आवाज एवढा की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी व्यर्थ. मग खालचा माणूस हातानं बोलतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. तळहात खाली करून हलवला की उतरव. आणि मूठ वळून हात वर धरला की थांब.

"मूठ सगळ्यात मोठी," काकाजी सांगायचे. "बाकीचे हात म्हणजे काम सांगणं. मूठ म्हणजे, भार हवेत आहे, मी खालून पाहून राहिलो, तू घाबरू नको. मूठ आहे तोवर काही होत नाही."

रिटायर झाल्यावर माणसं घरी घड्याळ आणतात, शाल आणतात. काकाजींनी हात आणले.

त्याला कारणही झालं. काकूंना हळूहळू ऐकू येईनासं झालं. कानातलं मशीन आणलं होतं, पण काकूंनी ते एका आठवड्यात डबीत ठेवून दिलं. "अजी, यात तर तुमचा सगळा प्लांट वाजते," त्या म्हणाल्या. मग काकाजी घरातही हातानंच बोलू लागले. बोट गोल फिरवलं की चहा चढव. तळहात खाली, गॅस कमी कर. काकू मात्र तोंडानं उत्तर द्यायच्या, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे अशा खणखणीत, की त्यांच्या घरातलं भांडण आम्हाला एका बाजूनं पूर्ण ऐकू यायचं.

"नाही चढवत चहा! आताच तर झाला!"

शांतता. म्हणजे काकाजी हात हलवत असणार.

"आद्रक बी पाहिजे का? मोठे लाटसाहेब!"

एकदा बाजारात मी त्यांना पाहिलं. काकू फूलकोबीच्या ढिगापाशी वाकलेल्या, काकाजी रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभे. तिथून ते काकूंना हात दाखवत होते. डावीकडे. अजून थोडं. खाली. काकूंचा हात ढिगावरून हळूहळू सरकत होता, अगदी क्रेनच्या हुकासारखा. योग्य गड्ड्यावर आला आणि काकाजींनी मूठ वळली. भाजीवाली बिचारी मान वळवून वळवून पाहत होती. शेवटी तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "ये का होवत हे, दाई?" काकूंना ते ऐकू आलं नाही. त्यांनी गड्डा उचलून काकाजींना दाखवला आणि गर्दीतून ओरडल्या, "कीड आहे यात! तुमची नजर गेली!"

मी एकदा काकूंना विचारलं, कागदावर लिहून, की हाताच्या खुणांवरून सगळं कसं कळतं? काकू हसल्या.

"हातानं काय कळते, पोरी. हातानं चहा कळते, कोबी कळते. हे थट्टा करून राहिले का खरं बोलून राहिले, ते डोळ्यात पाहून कळते. हात सरळ ठेवतात आणि डोळ्यानं खोड्या करतात. लग्न झाल्यापासून तसेच."

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढचं सगळं या डोळ्यांवरच आहे.

मास्कचे दिवस आले आणि त्याच दिवसांत काकूंच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल, टाळता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काकूंना ऐकू येत नाही म्हणून काकाजींना आत बसायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. मास्क नाकावरून खाली आला की बाहेर.

पहिल्या दिवशी त्यांना मीच गाडीनं घेऊन गेले. मी गाडी चालवते म्हणजे दुसऱ्या गिअरपर्यंत चालवते, पुढचे गिअर मी आमच्या यांच्यासाठी ठेवलेत. म्हणून आम्हाला पोचायला उशीर झाला, घाईघाईत काकूंना आत नेलं, आणि मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. आतलं सगळं दिसत होतं.

काकू पलंगावर आडव्या. एका हाताला नळ्या, त्या नळ्यांतून रक्त मशीनकडे जातंय. आजूबाजूला सगळे तोंड बांधलेले. त्या घाबरून एकेकाकडे पाहत होत्या आणि मग त्यांनी शेजारी स्टुलावर बसलेल्या काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी श्वास सोडला. एसीनं गार झालेल्या काचांवर मास्कच्या वरून वाफ आली आणि चष्मा पांढरा झाला. दोन्ही डोळे गेले.

"अजी!" काकूंची हाक साऱ्या वॉर्डात घुमली. "कुठे गेले तुमी?"

काकाजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. पुन्हा पांढरा. तोंड मास्कमध्ये, डोळे वाफेत. समोर बसलेल्या माणसाचं काहीच दिसत नव्हतं. काकू उठायला गेल्या, हात हलला, मशीन किंचाळू लागलं. सिस्टर धावत आली.

"अम्मा, हाथ मत हिलाइए!"

काकूंना ते ऐकू येणार कसं? काकाजींनी चेहरा दाखवायला मास्क खाली ओढला.

"बाबा, मास्क ऊपर! नहीं तो बाहर बैठिए!"

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. चष्माच काढला, की निदान तिला डोळे दिसतील. आणि हात वर करून मूठ धरली. पण चष्म्याविना त्यांना पलंग कुठला आणि माणूस कुठला ते दिसत नव्हतं. मूठ गेली पलीकडच्या पलंगाकडे. तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, कधीकाळी युनियनमध्ये असावेत. त्यांनी मान उचलली, मोकळ्या हाताची मूठ वळली आणि क्षीण आवाजात म्हणाले, "ज़िंदाबाद!"

मी बाहेर उभ्या उभ्या हसले. मग काकूंचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं.

घरी आल्यावर काकूंनी सांगून टाकलं, "मी नाही येत आता."

काकाजींनी हात हलवले. काकूंनी तोंड फिरवलं.

"तिथे सगळ्यांची तोंडं बांधून. एक हे होते, ते बी धुक्यात गेले. काही झालं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? नाही येत. घरी मरीन."

काकाजी आमच्या ओसरीवर येऊन बसले. मग चष्मा काढून हातात घेतला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो त्यांचा वरिष्ठ होता आणि त्यानं रजा नाकारली होती.

"मास्तरीण, याची वाफ बंद झाली पाहिजे. ती येत नाही म्हणते."

त्या दिवसापासून गल्लीत संशोधन सुरू झालं. मी फोनमध्ये शोधलं आणि मोठ्या ऐटीत जाहीर केलं की काचेवर कच्चा बटाटा घासावा. काकाजींनी घासला. काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि ओरडल्या, "आता फोडणी बी द्या!" आमच्या यांनी टूथपेस्टचा सल्ला दिला आणि खात्री पटवायला आपल्याच उन्हाच्या चष्म्यावर प्रयोग केला. त्या चष्म्यातून आता ऊनही दिसत नाही. समोरच्या घरातून दाढीच्या फेसाची बातमी आली. काकाजींनी फेस लावला, पुसला, मास्क बांधला आणि भर दुपारी गल्लीतून फेऱ्या मारायला लागले, मोठमोठ्यानं पाढे म्हणत.

"बे एके बे! दिसून राहिलं! बे दुणे चार! सगळं दिसून राहिलं, मास्तरीण!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गणिताची शिक्षिका, पाढे बरोबर आहेत एवढंच तपासलं. महिना मे होता. भिलाईच्या मे महिन्यात, दुपारच्या त्या भट्टीत, काचेवर धरणं खुद्द वाफेलाही परवडलं नसतं. हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

काकाजींनी काकूंसमोर उभं राहून डोळ्यांवर बोट ठेवलं, मग मूठ धरली. शपथच ती. काकू मोठ्या मिनतवारीनं तयार झाल्या.

आणि वॉर्डातल्या एसीत चष्मा पुन्हा पांढरा झाला.

या वेळी काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मशीन बंद होईपर्यंत तशाच पडून राहिल्या. गालावरून पाणी वाहत होतं. काकाजींनी रुमालानं ते पुसायला हात नेला, तर त्या दचकल्या. कोणाचा हात आहे ते त्यांना कळलं नव्हतं. घरी येऊन त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. काकाजींनी पलंगाभोवती फिरून पाहिलं, पण जो तुमच्याकडे पाहतच नाही त्याला हात दाखवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी आमच्या स्वयंपाकघरात उभे.

"तुझा फ्रीज मोठा आहे ना?"

"हो. का?"

"उघड."

तर मंडळी, पुढचं दृश्य असं. आमचा फ्रीज सताड उघडा. त्याच्यासमोर काकाजी, मास्क बांधून, मुंडकं दुधाच्या पातेल्यापर्यंत आत घालून, पाढे म्हणताहेत. मी शेजारी टॉवेल घेऊन उभी. आणि नेमके तेव्हा आमचे हे नाइट शिफ्ट करून घरी आले.

"काय चाललंय?"

"वॉर्ड बनवला," आतून आवाज आला. "गरमीत टेस्ट केली होती, तिथेच फसलो. दार लावू नका, भाऊ."

"काकाजी, दूध नासेल हो," मी म्हटलं.

"दूध नवीन आणू, मास्तरीण."

एकेक वस्तू पुन्हा तपासली गेली. फेस नापास. बटाटा तर आधीच नापास. शेवटी अंगाचा साधा साबण उरला. काच साबणाच्या पाण्यात बुचकळायची, पाणी झटकायचं आणि न पुसता वाळू द्यायची. पहिल्या वेळी मी सवयीनं टॉवेलनं पुसून दिला, तर फ्रीजमध्ये लगेच पांढरा. दुसऱ्यांदा काकाजींनी माझ्या हातून टॉवेल काढून घेतला, चष्मा दोरीला टांगला आणि खाली बसून राहिले. वाळल्यावर घातला, फ्रीजमध्ये मुंडकं घातलं. बे एके बे. काच स्वच्छ.

"पुसाचा नाही!" ते आतूनच ओरडले. "सुकू द्याचा!"

हे त्या वाक्याचं जन्मस्थान. आमचा फ्रीज. तिथे पाटी लावायला हरकत नाही.

पण अडचण पुरती गेली नव्हती. भराभर बोलले की डोळ्यांखालून एक पांढरी पट्टी वर चढायची. काकाजी पुन्हा धुवायचे, जाडजूड साबण लावायचे, पुन्हा तेच. काकू केव्हा उठून आमच्या दारात आल्या ते आम्हाला कळलं नाही. कमरेवर हात ठेवून त्या हा प्रकार पाहत होत्या. आजारपणानं चेहरा सुजलेला, पण आवाज तसाच.

"अजी, वरून लीक आहे!"

काकाजींनी मुंडकं बाहेर काढलं.

"तुमच्या प्लांटात लीक झालं की काय करत होते तुमी? भिंत धूत बसत होते का? नाकाजवळून वाफ सुटून राहिली आणि हे काच धुऊन राहिले! लीक बंद करा ना!"

काकाजींनी काकूंकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं की काकू पटकन म्हणाल्या, "हसू नका. मी अजून हो नाही म्हणली."

पण त्या आल्या. म्हणाल्या, "एक बार पाहून घेतो. मग नाही." पुढचा 'येत' त्यांनी गिळला आणि गाडीत बसल्या. त्या दिवशी मी तिसरा गिअर टाकला.

दाराच्या काचेतून मी पाहत होते. सिस्टरनं काकूंच्या हातात सुई घातली आणि ती हलू नये म्हणून वर पांढरी कागदी चिकटपट्टी लावली. काकाजी पट्टीकडे पाहत राहिले. मग त्यांनी बोटानं तिच्या रिळाकडे आणि मग आपल्या नाकाकडे खूण केली.

"सिस्टर, एक मुझे भी."

"आपको क्या हुआ, बाबा?"

"लीक है."

सिस्टरला काय कळलं कोण जाणे, पण तिनं हसून एक लांब तुकडा फाडला आणि मास्कची वरची कड काकाजींच्या नाकावर आणि गालांवर चिकटवून दिली. त्यावर त्यांनी सकाळपासून दोरीवर वाळवलेला चष्मा चढवला. स्टुलावर बसले. श्वास घेतला. सोडला.

काच स्वच्छ राहिली.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काकाजींनी आणखी एक श्वास सोडला, मुद्दाम मोठा. मग काकूंकडे पुरते वळून हळूच हात वर केला आणि मूठ वळली. मला बाहेरून त्यांची पाठ दिसत होती, डोळे दिसत नव्हते. त्या डोळ्यांत काय होतं ते मला काकूंच्या चेहऱ्यावर वाचावं लागलं. आधी भुवया उतरल्या. मग कपाळ मोकळं झालं. मग तोंड वाकडं झालं, म्हणजे काकाजींनी डोळ्यानं काहीतरी खोडी केली असणार.

"आलेत तुमी," काकू म्हणाल्या. सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात. "नाकावर पट्टी लावून जोकर दिसून राहिले."

पलीकडच्या पलंगावरच्या गृहस्थांनीही मूठ वर केली. आता त्यांचा तो नेमच झाला होता.

त्यानंतर बाहेरच्या जगानं मास्क काढले, पण त्या वॉर्डात ते राहिले, आणि काकाजींची सकाळही तशीच राहिली. साबण, दोरी, चिमटा. नाकावर पट्टीची एक तांबडी रेघ कायमची उमटली. त्यांना आपल्या शोधाचा इतका अभिमान झाला की दिसेल त्या चष्मेवाल्याला ते पकडायचे. जुनवानीला एका लग्नात त्यांनी नवरदेवाला अंतरपाटाआड गाठलं. बिचाऱ्याच्या चष्म्यावर घामाची वाफ आली होती. "धुवून घेतला असता ना, बाबू," काकाजी त्याला म्हणाले. "आता तिले पाहशील कसा?" मुलगा म्हणाला, "अंकलजी, फोटो देखा है." काकाजींना ते पटलं नाही. घरी येईपर्यंत ते तेच बोलत होते. फोटो पाहून कुठे चालते का, मास्तरीण?

चष्मा मलाही आहे, आणि मी त्यांची सर्वांत नापास विद्यार्थिनी. देवानं मला नाक दिलं, पण त्याचा वरचा पूल बांधायचं राहून गेलं. कुठलीही पट्टी लावा, कुठलीही तार दाबा, माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी वाफ आरामात ये-जा करते. काकाजींनी दोन-तीनदा स्वतः पट्टी चिकटवून पाहिली आणि हात टेकले. "तुझी डिझाइनच अलग आहे," ते म्हणाले.

ते गेले तो दिवसही डायलिसिसचाच होता. हिवाळ्यातली सकाळ, ऊन नुकतंच पायरीवर आलं होतं. मी शाळेत निघाले होते. दोरीवर टॉवेल होता, बनियान होतं, मधोमध चष्मा होता. काकाजी खाली भिंतीला टेकून बसले होते. मी फाटक उघडलं, ते वाजलं. गाडी काढली. "कोण आहे?" आलं नाही.

मी फाटकापाशीच थांबले. नवा पिवळा कुर्ता घातला होता मी, आणि त्यांनी विचारायला हवं होतं की आज पिवळी कावून.

"मी आहे, काकाजी," मी म्हटलं. "शेजारची."

चष्म्यातून पाणी ठिबकायचं केव्हाच थांबलं होतं. काचा कोरड्या होत्या, आणि इतक्या स्वच्छ की त्यांच्यातून मागची भिंत दिसत होती.

त्यांची मुलगी नागपूरहून आली. डायलिसिसच्या पहिल्या पाळ्या तिनं केल्या, काकूंना जवळजवळ उचलून नेलं. पण तिची नोकरी, तिची मुलं. ती काकूंना नागपूरला चला म्हणत होती आणि काकू नाही म्हणत होत्या. शेवटी महिनाभरानं तिला परतावं लागलं. जाताना तिनं माझे हात धरले. मी म्हटलं, मी नेत जाईन. म्हटलं खरं, पण त्या दिवशी काकू पलंग सोडेनात.

"मी नाही येत. आता तिथे कोण आहे?"

मी त्यांच्यासमोर बसले. कागदावर लिहायला गेले, पण त्यांनी कागद बाजूला सारला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुले चष्मा धुता येते का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"पुसत तर नाही ना?"

मी जोरात नकारार्थी मान हलवली. त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा चष्मा साबणानं धुतला आणि त्यांच्या दोरीवर, त्याच चिमट्याला लावला. मग पायरीवर बसले. मलाही त्याच्याशिवाय काही दिसत नाही. गल्लीतून कोणीतरी गेलं आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "कोण आहे?" कोणी उत्तर दिलं नाही. गाय असावी.

वॉर्डात मी त्याच स्टुलावर बसले. सिस्टरनं न मागता पट्टी फाडली आणि माझ्या नाकावर लावली. काकूंच्या हातात सुई गेली, मशीन सुरू झालं. मी तयार होते. साबण होता, पट्टी होती, एक थेंबही पुसला नव्हता. पण स्टुलावर बसल्यावर त्याच्या एका पायाला गुंडाळलेला फडक्याचा तुकडा मला दिसला. स्टूल डगमगायचं म्हणून काकाजींनी तो कधीतरी बांधला होता. तो पाहिला आणि माझं तोंड मास्कच्या आत वेडंवाकडं झालं. बिनपुलाच्या नाकावरून पट्टी सुटली. गरम वाफ वर चढली आणि सगळा वॉर्ड पांढरा झाला.

"अजी," काकूंची हाक आली, सवयीनं, आणि अर्ध्यातच थांबली. मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "पोरी, कुठे गेली तू?"

मला त्या दिसत नव्हत्या, त्यांना माझे डोळे दिसत नव्हते. चष्म्याला हात लावला असता तर मी तो पुसलाच असता, म्हणून लावला नाही. आवाजाच्या दिशेनं हात वर केला आणि मूठ वळली.

पलीकडून कुठूनतरी क्षीणसं "ज़िंदाबाद" आलं.

"अंगठा बाहेर आहे तुझा," काकू म्हणाल्या. "असा धरला तर क्रेनवाला भार सोडून देईन खाली. यांनी शिकवलं नाही का तुले? अंगठा आत घे."

मी अंगठा आत घेतला.

"हाव. आता धर."

काचेवरची वाफ कडेकडून उतरू लागली. आधी पलंगाची कड दिसली, मग नळ्या, मग काकूंचा स्थिर पडलेला हात. त्यांनी डोळे मिटले होते. माझा दंड भरून आला होता, पण मूठ मी खाली केली नाही.